फुगा फुगला, पण पेशी वाढल्या का? यीस्ट प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी विषय ठरला: पेशी प्रथिनं कधी बनवते आणि कधी हात आखडता घेते. टीवायचे, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचे, तिघे आहेत. गारगोटीहून रोज एसटीनं येणारी मुलगी, गंगावेशीकडच्या तालमीत पहाटे जोर मारून येणारा पोरगा, आणि पन्हाळ्याच्या वाटेवरच्या गावातला एक, ज्याच्या मामांचं गुऱ्हाळ आहे.

तिघांनी एक तक्ता करून आणला होता. इन्सुलिनपासून निघालेले बाण, मग पीआय३के, एकेटी, टीएससी, ऱ्हेब, एमटॉर ही एकमेकांना खबर देणारी प्रथिनं, आणि शेवटी रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र. तक्ता सुबक होता. मी विचारलं, यातलं काय तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल? तिघंही गप्प. बाणांनी परीक्षेत मार्क मिळतात, पण पेशी काहीतरी ठरवते हे बाणांतून पोचत नाही, आणि मला तेच पोचवायचं आहे. म्हणून यीस्ट. बेकरीवाले वापरतात ते सुकं यीस्ट आणायचं, उपाशी ठेवायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं.

८ जानेवारी

पहिली खेप. एका फ्लास्कमध्ये नुसतं साखरपाणी, दुसऱ्यात साखरपाण्याबरोबर अमोनियम सल्फेट, म्हणजे प्रथिनांना लागणाऱ्या नायट्रोजनची सोय. दोन्हींत चमचाभर यीस्ट, दोन्हींच्या तोंडाला फुगे. दीड तासात दोन्ही फुगे उभे राहिले. "मॅडम, फुगा तर टम्म झालाय की! नुसत्या साखरेवर पण वाढतंय," तालमीतला म्हणाला.

फुगा कार्बन डायऑक्साइडनं भरतो. यीस्टनं साखर आंबवली एवढंच तो सांगतो. पेशी वाढल्या का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाही. मोजायला गेलो तर न्यूबॉअर चेंबरच्या (पेशी मोजायच्या आखलेल्या काचेच्या) चौकटीत पेशींचा नुसता चिखल. एका ग्रॅम सुक्या यीस्टमध्ये अब्जावधी पेशी असतात, चमचाभर म्हणजे फारच झालं. आजचा आकडा नाही. पण त्या पोराच्या वाक्यातच प्रकल्प सापडला. चूल पेटलेली असणं आणि घर बांधलं जाणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

१२ जानेवारी, रविवार

गुऱ्हाळावर गेलो. हंगाम जोरात होता. घाण्यातून रस उतरून काईलीत पडत होता, खाली चुलवाणात वाळलेलं चिपाड सारलं जात होतं. भेंडीचा चिकट रस टाकल्यावर वर आलेली मळी गुळव्या झाऱ्यानं एका लयीत काढत होता. पाक होत आला की तो थोडासा गार पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी फिरवून बघायचा आणि मान हलवायचा. मुलांना मी सांगितलं, या माणसाकडं नीट बघा. काईल कधी उतरवायची हे तो एका गोळीवरून ठरवतो.

पोराच्या मामांना विचारलं, जळण एवढं रचून ठेवलंय, मग पहाटेच चुलवाण का पेटवत नाही? मामा म्हणाले, "जळण हाय म्हणून पेटवायचं नसतंय मॅडम. उसाची ट्रॉली आली का न्हाई ते आदी बघायचं. मोकळी काईल करपती."

परत येताना गाडीत हाच विषय. पेशीलाही हाच हिशेब लागतो, आणि त्याचे आकडे मोठे आहेत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात एक अमिनो आम्ल जोडायला चार उच्च ऊर्जेचे फॉस्फेट बंध खर्ची पडतात: दोन ते आम्ल टीआरएनएवर, म्हणजे त्याला रायबोसोमपर्यंत नेणाऱ्या रेणूवर, चढवताना, दोन रायबोसोमवर. भरभर वाढणाऱ्या यीस्टच्या एका पेशीत सुमारे २ लाख रायबोसोम असतात आणि मिनिटाला २००० च्या आसपास नवे तयार होतात. त्या प्रत्येकात ७९ प्रथिनं आणि ४ आरएनए. पेशीत चाललेल्या एकूण आरएनए निर्मितीपैकी ६० टक्के एकट्या रायबोसोमच्या आरएनएची. एवढा कारखाना कच्चा माल नसताना चालू ठेवला तर पेशी मरेल.

१५ जानेवारी

प्रयोगाची मांडणी पक्की केली. साखर आणि अमोनियम सल्फेट एवढ्यावर बेकरीच्या यीस्टचं पूर्ण भागत नाही, त्याला बायोटिनसारखी जीवनसत्त्वं आणि क्षार लागतात. म्हणून प्रत्येक फ्लास्कमध्ये १ टक्का गूळ, ४ टक्के साखर. गुळात क्षार भरपूर, प्रथिन अगदी जरासं. फरक फक्त एकच: ‘ब’ फ्लास्कमध्ये लिटरला ५ ग्रॅम अमोनियम सल्फेट, ‘अ’ मध्ये नाही. निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह बंद आहे, म्हणून प्रेशर कुकर. यीस्ट दोनदा धुऊन घ्यायचं. सुरुवात दोन्हीकडं मिलिलिटरला १० लाख पेशींनी.

आणखी एक ठरलं: नुसत्या पेशी मोजायच्या नाहीत, कळ्याही मोजायच्या. यीस्टची पेशी दोन होताना अंगाला एक बारीक कळी फुटते. पोटभर मिळत असलेल्या यीस्टमध्ये बघाल तिथं कळ्या दिसतात. नायट्रोजन संपला की पेशी हातातलं विभाजन पुरं करते आणि पुढची कळी काढतच नाही. गोल, एकटी, बिनकळीची होऊन थांबते.

२० जानेवारी

मोजणी. ‘अ’: २४ तासांनी ४० लाख, ४८ तासांनी ४१ लाख. ‘ब’: २४ तासांनी ७ कोटी.

‘अ’ मध्ये सुरुवातीला थोडी वाढ झाली ती गुळातल्या आणि पेशीच्या आतल्या साठ्यावर. मग ठप्प. साखर अजून उरलेली होती, चव घेऊन नाही, साखर ओळखणाऱ्या बेनेडिक्ट द्रावणानं तपासून (उसाची साखर यीस्ट बाहेरच फोडतं, म्हणून चाचणीला रंग येतो). फुगा ‘अ’ वरही होताच, ‘ब’ पेक्षा मऊ. आठव्या तासाला ‘ब’ मध्ये निम्म्याहून जास्त पेशींना कळी होती. ‘अ’ मध्ये दुसऱ्या दिवशी शंभरात सात.

गारगोटीच्या मुलीनं मोजणी तीनदा केली. "मी परत मोजतो मॅडम, मला पटंना," म्हणाली. तिसऱ्यांदाही सातच आल्या. मिथिलीन ब्लू टाकून बघितलं, मेलेली पेशी निळी होते. ‘अ’ मधल्या बहुतेक सगळ्या पांढऱ्या, जिवंत. उपासमारीनं मेलेल्या नाहीत, थांबलेल्या आहेत. हे मुलांना कळलं तेव्हा खोलीत जी शांतता झाली, तिच्यासाठी मी शिकवते.

२३ जानेवारी

थांबा म्हणून सांगतं कोण? यावर पूर्ण तास गेला आणि तो जायलाच हवा होता.

१९६४ च्या शेवटी कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम ईस्टर बेटावर गेली. तिथले लोक बेटाला रापा नुई म्हणतात. तिथून आणलेल्या मातीच्या नमुन्यातल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूत माँट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत एक बुरशीनाशक पदार्थ सापडला. बेटाच्या नावावरून रापामायसिन. त्यावर काम करणाऱ्यांत सुरेंद्रनाथ सेहगल पुढे होते, १९७५ मध्ये त्यांचं काम छापून आलं. ती प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. त्यांनी तो टाकून दिला असता तर पुढचं बरंच काही झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

१९९१ मध्ये बाझेलला हाइटमन, मोव्वा आणि हॉल यांनी बेकरीच्याच यीस्टमध्ये रापामायसिनला दाद न देणारे वाण शोधले, आणि त्यातून दोन जनुकं मिळाली: टॉर१ आणि टॉर२. टॉर म्हणजे रापामायसिनचं लक्ष्य. १९९४ मध्ये सस्तन प्राण्यांतलं तेच प्रथिन, म्हणजे तक्त्यातला एमटॉर, सापडलं. रापामायसिन दिलेलं यीस्ट भरल्या ताटावर बसूनही उपाशी असल्यासारखं वागतं: प्रथिनं बनवणं उतरतं, नवे रायबोसोम थांबतात, कळ्या बंद. आमच्या ‘अ’ फ्लास्कचं चित्र, फक्त नायट्रोजन समोर असताना. याचा अर्थ पेशी नायट्रोजनची वाट थेट रायबोसोमवर बघत बसत नाही. मधे एक जण आहे, तो माल आल्याची खबर घेतो आणि मग हुकूम सोडतो. रापामायसिन त्या मधल्याचं तोंड बंद करतं.

साखरेची खबर वेगळ्या वाटेनं जाते, रास, सायक्लिक एएमपी आणि पीकेए या रेणूंकडून. आमच्या ‘अ’ मध्ये ती खबर पोचत होती. टॉरची नव्हती.

२४ जानेवारी

काल सांगायचं राहिलं, आज सूक्ष्मदर्शकावर दाखवलं. यीस्टच्या पेशीत एक मोठी गोल पोकळी दिसते, रिक्तिका. टॉरचं पहिलं संकुल, म्हणजे टॉर आणि त्याला जोडून काम करणारी प्रथिनं, तिच्याच पडद्यावर बसतं. पेशीचा अमिनो आम्लांचा साठा याच पोकळीत असतो, म्हणजे कोठाराच्या दारातच मुकादम. ‘अ’ मधल्या पेशींत ती पोकळी फुगून जवळजवळ सगळी पेशी व्यापते. उपाशी पेशी आपलेच जुने भाग तिच्यात नेऊन पचवते. योशिनोरी ओसुमी यांनी ही स्वभक्षणाची क्रिया यीस्टच्या रिक्तिकेतच पाहिली आणि त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. टॉर जागा असतो तोवर हे पचवणं दाबून धरतो.

३० जानेवारी

तालमीतल्या पोराचा प्रश्न आठवडाभर साठला होता. "मॅडम, म्हंजे दूध जेवढं प्याल तेवढं अंग भरत जाणार का?"

माणसाच्या पेशीत टॉरला दोन खबरी लागतात. अमिनो आम्लांची खबर रॅग नावाच्या प्रथिनांतून येते आणि टॉरचं संकुल लायसोसोमच्या पडद्यावर ओढून नेते. लायसोसोम म्हणजे यीस्टच्या रिक्तिकेचंच भावंड. ल्युसिन आलंय का ते सेस्ट्रिन२ तपासतं, आर्जिनिन आलंय का ते कॅस्टर१. दुसरी खबर इन्सुलिनची: एकेटी हे टीएससीला बाजूला करतं आणि ऱ्हेब मोकळा होतो. ऱ्हेब त्याच पडद्यावर असतो. टॉर तिथं पोचला आणि ऱ्हेबही मोकळा असला, तरच काम सुरू. पेशीतली ऊर्जा घटली की एएमपीके नावाचं प्रथिन ही सगळी वाट पुन्हा दाबतं.

सुरू झाल्यावर टॉर दोन ठिकाणी फॉस्फेट चढवतो. ४ई-बीपी१ हे प्रथिन एमआरएनएची (जनुकाचा संदेश रायबोसोमकडं नेणाऱ्या रेणूची) टोपी धरणाऱ्या घटकाला पकडून बसलेलं असतं, फॉस्फेट चढल्यावर ते पकड सोडतं. आणि एस६ कायनेज जागं होतं. कायनेज म्हणजे फॉस्फेट चढवणारं प्रथिन. हेच एस६ कायनेज उलट फिरून इन्सुलिनच्या खबरीला लगाम घालतं.

दुधाचं उत्तर यातच आहे. दुधात ल्युसिन चांगलं असतं, त्यानं स्नायूत प्रथिन बनण्याचा वेग वाढतो. पण माणसांना शिरेतून अमिनो आम्लं तासनतास देत राहून पाहिलंय: वेग चढतो आणि दोनेक तासांनी पुन्हा मूळ जागेवर येतो, आम्लं रक्तात तशीच असली तरी. जोर-बैठकांचा ताण हा स्नायूसाठी आणखी एक हुकूम असतो. पोरगा म्हणाला, "वस्ताद पण हेच सांगतात, आदी माती, मग दूध."

त्या तक्त्यात दुरुस्ती करायला लावली. त्यांनी इंटरनेटवरची दोन चित्रं एकत्र करून यीस्टच्या पेशीत इन्सुलिन, टीएससी आणि ४ई-बीपी१ घातले होते. आपल्या बेकरीच्या यीस्टमध्ये यातलं काही नाही. तिथं टॉरचा हुकूम एससीएच९ सारख्या प्रथिनांतून जातो. आता दोन स्वतंत्र तक्ते.

५ फेब्रुवारी

रापामायसिन आमच्या खर्चात बसत नाही. कॅफीन यीस्टमधल्या टॉरच्या पहिल्या संकुलाला अडवतं, हे माहीत असलेलं आहे. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात चहापत्तीतून काढलेलं कॅफीन मुलं घेऊन आली, ते मी परत पाठवलं. त्यात राहिलेल्या द्रावकानं यीस्ट मेलं तर आपण काय सिद्ध करणार? शुद्ध कॅफीन मागवलं, १०० मिलिलिटरला ०.१९ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोलर.

‘क’ फ्लास्क: साखर, नायट्रोजन, कॅफीन, सगळं. २४ तासांनी ९० लाख. ‘ब’ च्या मानानं फारच कमी. मुलं खूश, मी नाही. कॅफीन इतरही कायनेजना त्रास देतं, आणि ‘क’ मधल्या कळ्यांचं प्रमाण ‘अ’ सारखं स्वच्छ खाली आलेलं नाही. शंभरात ३४. तक्त्यावर "कॅफीनमुळे वाढ मंदावली" एवढंच लिहायचं. "टॉर बंद झाला" असं लिहायचं नाही. मुलगी थोडी हिरमुसली. तिला सांगितलं, जेवढं दिसलं तेवढं लिहिलंस तर कुणी तुला खोडू शकणार नाही.

११ फेब्रुवारी

आजचा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून सविस्तर.

टॉरखेरीज आणखी एक वाट आहे. अमिनो आम्ल कमी पडलं की टीआरएनए रिकामे फिरू लागतात. जीसीएन२ नावाचं कायनेज रिकाम्या टीआरएनएला धरतं, जागं होतं आणि ईआयएफ२ वर फॉस्फेट चढवतं. ईआयएफ२ चं काम पहिलं अमिनो आम्ल, मिथिओनिन, रायबोसोमच्या लहान तुकड्यापर्यंत आणून सोडण्याचं. प्रत्येक फेरीनंतर ईआयएफ२बी त्याला पुन्हा भरून देतं. फॉस्फेट चढलेला ईआयएफ२ या ईआयएफ२बीला अडकवून ठेवतो, आणि पेशीभर नवी प्रथिनं सुरू होणं मंदावतं.

पण त्याच वेळी जीसीएन४ हे एक प्रथिन जास्त बनू लागतं, आणि ते अमिनो आम्लं तयार करणारी जनुकं चालू करतं. सगळी दुकानं बंद होत असताना एकच उघडतं. ॲलन हिनेबुश यांनी याचं कोडं सोडवलं. जीसीएन४ च्या एमआरएनएवर खऱ्या संदेशाच्या आधी चार छोटे खोटे संदेश असतात. मुलांना हे काही केल्या उमगेना. शेवटी गुऱ्हाळवाल्या पोरानं फळ्यावर कोल्हापूरचा रस्ता काढला: स्टँड, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, बिंदू चौक, आणि मग रंकाळा.

लहान तुकडा म्हणजे शेअर रिक्षा. स्टँडवर पहिली छोटी फेरी मारून ती मोकळी होते आणि तशीच पुढं निघते. पॅसेंजर म्हणजे मिथिओनिन आणणारा ईआयएफ२. सुकाळ असला की व्हीनस कॉर्नर किंवा दसरा चौकातच पॅसेंजर मिळतो, रिक्षा तिथंच वळते आणि त्या फेरीनंतर रस्त्यावरून बाजूला होते. रंकाळ्यापर्यंत कुणी पोचतच नाही. टंचाईत पॅसेंजर मिळायला वेळ लागतो. रिक्षा रिकामीच बिंदू चौक ओलांडते, पुढं कुणीतरी चढतं आणि ती रंकाळ्याला, म्हणजे जीसीएन४ च्या खऱ्या संदेशावर सुरू होते. टंचाई हीच तिथं पोचण्याची अट. पोरानं खडू खाली ठेवला आणि स्वतःच परत वाचून बघितलं. मी एक शब्दही बदलला नाही. तक्त्यावर हेच जाणार.

माणसात ईआयएफ२ वर फॉस्फेट चढवणारी कायनेज चार आहेत: जीसीएन२, पर्क, पीकेआर आणि एचआरआय. पर्क प्रथिनांच्या घड्या बिघडल्यावर जागं होतं, पीकेआर विषाणूच्या दुपदरी आरएनएनं. लाल रक्तपेशी घडताना हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग) कमी पडलं की एचआरआय त्यातलं ग्लोबिन हे प्रथिन बनवण्याचं काम मंद करतं, म्हणजे हीमविना ग्लोबिनचा ढीग साचत नाही. मोकळी काईल करपू नये याचीच ही सोय.

१८ फेब्रुवारी

रात्री वीज गेली, इन्क्युबेटर गार. ‘ब’ च्या एका फ्लास्कमध्ये जिवाणू शिरले, गढूळ दिसतंय आणि वास आंबट. टाकून दिला. नवी बॅच कुकरमध्ये पाच मिनिटं जास्त ठेवली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शेवटचा प्रयोग: थांबलेल्यांना परत माल द्यायचा. चार दिवस जुना नवा ‘अ’ फ्लास्क, कळ्या शंभरात सहा. सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी त्यातल्या निम्म्या द्रवात अमोनियम सल्फेट टाकलं, निम्मा तसाच ठेवला. दर अर्ध्या तासानं थेंब काढून शंभर पेशी मोजायच्या.

११.३५: सहा. १२.०५: पाच. आत हुकूम सुटलेला असणार, प्रथिनं बनू लागलेली असणार, पण बाहेरून काही दिसत नाही. कळी काढण्याआधी पेशीला ठरावीक आकारापर्यंत वाढावं लागतं. १२.३५: सात. १.०५: सहा. मुलांनी डबे उघडले, मुलीनं खाता खाता एक डोळा आयपीसवर ठेवला. १.३५: आठ. पोरगा म्हणाला, "मेलं असंल मॅडम हे." मिथिलीन ब्लू टाकलं. पांढरं. जिवंत.

२.१० ला मुलगी म्हणाली, "थांबा." तिनं फोकस हळूच फिरवला आणि उठून मला बसायला जागा दिली. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात एक गोल पेशी, आत मोठी पोकळी, आणि कडेला टाचणीच्या टोकाएवढा उंचवटा. शेजारच्या पेशीला तसाच. तिच्या पलीकडं आणखी एक.

२.३५: एकोणीस. ३.०५: एकतीस. ३.३५: शेहेचाळीस. माल न दिलेल्या निम्म्यात: सहा.

वहीवर तिघांनी सह्या केल्या. फ्लास्कवर तारीख, वेळ आणि "नायट्रोजन ११.०५" अशी चिठ्ठी चिकटवली. शुक्रवारी प्रदर्शनात दोन्ही फ्लास्क टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे, मधे सूक्ष्मदर्शक. सकाळी ८ ला ताज्या ‘अ’ मध्ये पुन्हा अमोनियम सल्फेट टाकायचं, म्हणजे बघायला येणाऱ्यांना ११ च्या सुमाराला कळ्या फुटताना दिसतील. गारगोटीची गाडी त्या दिवशी पहाटेची धरावी लागेल, तिनं घरी विचारलं आहे.